ओला कचरा जागेवरच जिरवणारी सेवा: १८ महिन्यांनंतरचा अभिप्राय

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. तीन विंग, १४० घरं. रोजचा ओला कचरा सरासरी ८५ किलो. हा आकडा अंदाजाचा नाही, वहीतून काढलेला आहे. ३१ वर्षं बँकेत काढली, निवृत्तीनंतर सोसायटीची खजिनदार झाले. गेले १८ महिने आमच्या ओल्या कचऱ्याचं खत करून देणाऱ्या एका बचतगटाचा सगळा हिशेब माझ्याकडे आहे. गटाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं. हातात आहेत तेवढ्या सोसायट्या नीट सांभाळू द्या, मग पुढचं बघू, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. पण अशी सेवा घ्यावी का, घेतली तर काय तपासावं, असं विचारणारे फोन सारखे येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

सुरुवात यंत्रापासून करावी लागेल. २०१६च्या घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोच्या वर कचरा काढणारी सोसायटी मोठ्या कचरा उत्पादकांत मोडायची. मुंबई महापालिकेने २०१७ साली अशा सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्या त्या वेळच्या कमिटीने कोटेशनं मागवली आणि ६ लाख ४० हजारांचं विजेवर चालणारं यंत्र घेतलं. २४ तासांत खत मिळेल, वास येणार नाही, माणूस लागणार नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. वास खरंच नव्हता. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये कॉफीच्या रंगाची छान भुकटी निघायची. मी हौसेने ती घरी आणून तुळशीला घातली. तिसऱ्या दिवशी कुंडीत पांढरी बुरशी, चौथ्या दिवशी शिळ्या आमटीचा वास, आणि आठवड्यात तुळस माना टाकून मोकळी.

नंतर कळलं ते असं, की यंत्र कचरा तापवून वाळवत होतं, कुजवत नव्हतं. वाळलेला भात म्हणजे खत नव्हे. पाणी लागलं की तो पुन्हा भातच होतो आणि मग मातीत सडायला लागतो. खरं खत जीवाणू करतात, त्यांना हवा, ओल आणि वेळ लागतो. या सगळ्यासाठी आम्ही महिन्याला वीज, एक ऑपरेटर आणि देखभाल मिळून २३,००० रुपये घालवत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात हीटर जळला, सुटा भाग यायला दोन महिने लागले. तोवर ओला कचरा पुन्हा सगळा गाडीत.

गाडीत म्हणजे पुढे कुठे, हे मुलुंडकरांना वेगळं सांगायला नको. हरिओम नगरजवळचं डम्पिंग ग्राउंड १९६७ पासून होतं, २४ हेक्टरवर. संध्याकाळी वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. माझ्या मुलाच्या बारावीच्या अभ्यासाची आठवण म्हणजे बंद खिडकी आणि फुल स्पीडवर पंखा. २०१८ साली ते बंद झालं आणि साठलेला डोंगर उकरून, चाळून हलवायचं काम सुरू झालं. आम्ही सुटलो. पण शहराचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो, आमच्यापासून तीन स्टेशनांवर. तिथेही लोक राहतात आणि तिथेही संध्याकाळी खिडक्या लागतात. गाडी आमच्या गेटमधून बाहेर पडली की माझ्या मनात हेच येतं.

माझी भाची नगररचना शिकते. तिने लिफ्टशेजारच्या फळ्यावर सतरा रंगांचं ते चक्र आणून लावलं होतं. २०१५च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ देशांनी मान्य केलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टं, त्यांखाली १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. सुरुवातीला कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका सभेत कुणीतरी विचारलंच, जगातली गरिबी आणि समुद्र यांचं आमच्या बी विंगने काय करायचं? भाचीने ११ (शहरं) आणि १२ (जबाबदार वापर) या दोनच आकड्यांवर बोट ठेवलं. त्यांखालचं ११.६ हे लक्ष्य सांगतं की शहराचा हवेवर आणि कचऱ्यावाटे होणारा दरडोई भार कमी करा. १२.३ म्हणतं की दुकानांत आणि घरांत वाया जाणारं अन्न दरडोई निम्म्यावर आणा. १२.५ म्हणतं की मुळात कचराच कमी होऊ द्या. आणि ११.६ साधलं की नाही हे कसं मोजायचं, तर शहरात निघालेल्या कचऱ्यापैकी किती गोळा झाला आणि किती नीट मार्गी लागला, त्याच्या प्रमाणावरून. मला त्या क्षणी हा विषय आपला वाटला. प्रमाण काढायचं तर कुणीतरी रोज वजन करून वहीत मांडायला हवं. ते काम मला येतं.

शहरं हे कसं करतात, हे मी मग वाचत गेले. या उद्दिष्टांच्या वाटेवर आपण कुठे आहोत, याचा आढावा न्यूयॉर्कने २०१८ साली शहर म्हणून स्वतः संयुक्त राष्ट्रांना दिला. आपल्याकडे भोपाळने २०२३ साली तसा आढावा केला. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यातल्या सहा विभागांपैकी एक कचरा व्यवस्थापनाचा. त्यातल्या हिशेबाने शहराच्या कर्ब उत्सर्जनात इमारती आणि विजेचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २०, कचऱ्याचा ८. आठ टक्के थोडे वाटतात. पण वीज कशापासून बनते हे मी ठरवू शकत नाही, रस्त्यावरच्या गाड्या माझ्या हातात नाहीत, आणि माझी बादली मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे. त्यात ढिगाखाली हवा न मिळता ओला कचरा सडला की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. देवनारच्या डम्पिंगला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर अख्ख्या मुंबईने घेतला आहे.

केरळातल्या अलप्पुळाचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटलं. शहराचा कचरा ज्या गावात नेऊन टाकत, तिथल्या लोकांनी २०१२च्या सुमाराला गाड्या अडवल्या. शहराकडे जागाच उरली नाही. मग वॉर्डावॉर्डांत हवेशीर खतपेट्या बांधल्या, ओला कचरा आणि सुका पाला यांचे थर लावायला सुरुवात झाली. आमच्या बचतगटाचे हौद त्याच धर्तीचे आहेत, चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच, विटांच्या मध्ये फटी ठेवलेले.

तर आता प्रत्यक्ष सेवा.

सहा हौद बांधायला १ लाख १० हजार रुपये लागले. जागा लागली पाहुण्यांच्या दोन गाड्यांची. मुंबईत हे वाक्य लिहायला सोपं आहे, सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यायला अडीच तास गेले. महिन्याचा दर घरटी १७५, म्हणजे एकूण २४,५००. यंत्रापेक्षा दीड हजार जास्त. पण हे पैसे जातात कुठे, ते मी पहिल्या महिन्यातच विचारून घेतलं. येणाऱ्या दोघींना प्रत्येकी १०,०००, उरलेल्यात विरजण, अवजारं, प्रवास आणि गटाचा खर्च. विजेच्या बिलात ही रक्कम जाण्यापेक्षा दोन घरांत जाते, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या सतरांत ८ क्रमांकाचं उद्दिष्ट चांगल्या, सन्मानाच्या कामाचं आहे, हे मला भाचीने नंतर दाखवलं.

सकाळी साडेसातला दोघी येतात. मोठ्यांना सगळे अक्का म्हणतात, दुसरी त्यांची सून. अक्का सोळा वर्षं मुलुंडच्या त्याच डम्पिंगवर प्लास्टिक वेचत होत्या. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो तेव्हा त्या तिथे वर होत्या. हे त्यांनी मला सहज, पाला पसरता पसरता सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. मी त्या दिवशी पुढे काही विचारू शकले नाही.

काम असं चालतं. विंगच्या बादल्या आल्या की आधी काटा, मग वही. वहीत तारीख, विंग, किलो, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: प्लास्टिक आलं, काच आली, नीट होतं. मग ताडपत्रीवर बादली उलटी करायची, नको ते वेचून काढायचं. करवंट्या आणि कोयी बाजूला, त्या लवकर कुजत नाहीत. हौदात खाली बोटभर सुका पाला, वर कचऱ्याचा थर, त्यावर आधीच्या हौदातलं घमेलंभर खत विरजण म्हणून, पुन्हा पाला. एक हौद भरायला साधारण २० दिवस लागतात, नंतर तो ४० दिवस झाकून. मध्ये दोनदा दाताळ्याने पालटायचा.

पहिल्या डिसेंबरमध्ये एका सकाळी अक्कांनी झाकण काढलं आणि हौदातून वाफ आली, चहाच्या पातेल्यासारखी. 'ताई, हात घाला,' म्हणाल्या. मनगटापर्यंत घातला आणि लगेच काढला. थर्मामीटर लावला तर ६२ अंश. आग नाही, वीज नाही, नुसते जीवाणू. मग त्यांनी मूठभर माल घेऊन दाबला. लाडू वळला, पण पाणी गळलं नाही. 'हे बरोबर. थेंब पडला तर पाला कमी, फुटला तर पाणी कमी.' वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. ती मूठ मी कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. यंत्र घेऊन दोन वर्षं मी जे बघायला तडफडत होते, ते हे.

एका हौदातून चाळून ३०० किलोच्या आसपास खत निघतं. नवीन तुळस याच खतावर लावली आहे, ती आता माझ्या कमरेला लागते.

सगळ्यांत अवघड भाग कचऱ्याचा नाही, माणसांचा. दुसऱ्या महिन्यात सूनबाईंनी एक काळी पिशवी सोडली, वर भाजीची देठं होती. खाली हात घातला तर वापरलेला सॅनिटरी पॅड. ती काही बोलली नाही. नळाखाली हात धरून ती जितका वेळ उभी होती, तो वेळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्याच संध्याकाळी मी आणि सी विंगच्या काकू लाल मार्कर पेनांचा डबा घेऊन १४० दारं फिरलो. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा, वेगळा द्यायचा. पुण्यात कचरावेचक बायकांच्या स्वच्छ संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत २०१७ साली चालवली होती, तीच आम्ही उचलली. पुरुषमंडळींनी दार उघडलं तरी आम्ही तेच सांगितलं, आवाज खाली न आणता. पुढच्या तीन महिन्यांत वहीच्या शेऱ्यात 'पॅड' हा शब्द चार वेळा आला, नंतर आलेला नाही. इंजेक्शनच्या सुयांसाठीही आता वेगळी बाटली आहे.

यंत्राला हे जमलं नसतं. यंत्रात काय पडतं, ते कुणी बघत नव्हतं. इथे दोन माणसं बघतात, आणि त्या दोन माणसांचे चेहरे आपल्याला रोज लिफ्टपाशी दिसतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही सेवा यंत्राच्या कितीतरी वर ठेवते.

अन्नाचंही तसंच. एकदा अक्का म्हणाल्या, 'ताई, बी विंगचा भात लई येतोय ओ. अख्खा टोपच पालथा घातल्यागत.' मग एक महिनाभर आम्ही वहीत दोन रकाने केले: सालं-देठं वेगळी, शिजवलेलं अन्न वेगळं. ८५ किलोंत १९ किलो शिजवलेलं निघालं. अर्ध्या किलोच्या हिशेबाने रोजची ३८ ताटं. पोळ्या, भात, डब्यातल्या अर्ध्या राहिलेल्या भाज्या, एकदा तर न उघडलेला श्रीखंडाचा डबा. मी फळ्यावर फक्त आकडा लिहिला, कुठल्या घरातून आलं ते नाही, फक्त विंग. कुणाला लाजवायचं नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ११ किलो. १२.३ निम्म्याची गोष्ट करतं, आम्ही अजून तिथे पोचलेलो नाही. दक्षिण कोरियात अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला २००५ पासून बंदी आहे आणि २०१३ पासून घराघराला त्याच्या वजनावर किंवा मापावर पैसे भरावे लागतात. आमच्याकडे तसं करावं का, यावर सभेत बोललो. मी स्वतः विरोधात होते. पैसे लागतात म्हटल्यावर लोक कचरा लपवून रस्त्यावर टाकतील, आणि वहीचा खरेपणा जाईल. आकडा फळ्यावर लिहिणं पुरेसं आहे, निदान सध्या.

उणिवाही सांगायलाच हव्यात.

आषाढात अक्का वारीला जातात. जावंच, त्यात वाद नाही. पण त्या तीन आठवड्यांत बदलीवर आलेल्या बाईंना पाल्याचं प्रमाण कुणी शिकवलं नव्हतं. वर पावसाळी हवा. हौदात पाणी सुटलं, माल आंबला, आणि अळ्या ए विंगच्या मीटरबॉक्सपर्यंत चढल्या. त्या अळ्या निरुपद्रवी असतात, उलट कचरा खातात, पण सकाळी मीटरबॉक्सवर त्या बघणाऱ्या आजींना हे पटवणं कठीण. गटाने या वर्षी बदलीच्या बाईंना महिनाभर आधी सोबत ठेवावं, असं मी लेखी मागितलं आहे. बिलंही वेळेवर येत नाहीत, कधी दोन महिन्यांचं एकदम. हातमोजे महिन्याला दोन जोड मिळतात, ते पुरत नाहीत. आता सोसायटी स्वतः सहा जोड आणि दर पावसाळ्याला गमबूट देते. हा खर्च दर ठरवतानाच धरायला हवा होता, ती चूक आमचीही. खताची प्रयोगशाळेत तपासणी १८ महिन्यांत एकदाच झाली. मला वर्षातून निदान दोनदा हवी.

आणि खत जास्त होतं. महिन्याला साडेचारशे किलो खत आमची बाग आणि कुंड्या मिळून खपवू शकत नाहीत. सी विंगच्या एका कुटुंबाची मुरबाडला शेती आहे, त्यांचा टेम्पो दर महिन्याला बारा पोती नेतो. तसं कुणी नसेल तर हे आधीच ठरवा, नाहीतर पोती जिन्याखाली साठतात.

पाल्याचं तर वेगळं लिहायला हवं. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही आणि तेव्हाच तो सगळ्यांत जास्त लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल पिंपळ, बदाम, रेन ट्री धो धो गळतात. पूर्वी आमचा झाडूवाला तो कोपऱ्यात पेटवून द्यायचा. आता आम्ही शेजारच्या दोन सोसायट्यांचाही पाला मागून आणतो. या वर्षी गच्चीवर ताडपत्रीखाली ६० पोती आहेत. गणपतीच्या दिवसांत निर्माल्य वेगळं घ्यावं लागतं, कारण हारांत दोरा आणि चमकीचा कागद असतो. सूनबाई बसून एकेक हार सोडवते. हार घेताना साधा सुती दोरा मागितला तरी तिचा अर्धा तास वाचतो.

ज्या सोसायटीकडे दोन गाड्यांची जागा नाही, किंवा रोज अर्धा तास देणारं एकही माणूस नाही, तिने ही सेवा घेऊ नये. नुसते पैसे देऊन हे चालत नाही. आणि कुठलाही गट निवडताना त्यांचं छापील पत्रक बाजूला ठेवा. त्यांच्या आधीच्या सोसायटीत जा, सगळ्यांत जुना हौद उघडायला लावा, हात घाला, वास घ्या, वही मागा. वही नसेल तर परत या. काम करणाऱ्या बाईंना महिना किती मिळतो, ते त्यांनाच विचारा.

पाचपैकी चार. वारीच्या काळात बदलीची सोय नीट झाली आणि बिलं वेळेवर आली, तर पाचवाही देईन. येत्या सभेत दोघींचा पगार दीड हजारांनी वाढवायचा ठराव मी मांडते आहे, घरटी जास्तीचे २२ रुपये पडतील.

आमचे हौद बघायला यायचं असेल तर सकाळी आठच्या सुमारास या. तेव्हा अक्का पालटणीच्या कामात असतात आणि झाकणं उघडी असतात. चप्पल नको, बूट घाला. आणि येताना घरचा सुका पाला असेल तर एक पोतं घेऊन या, जुलै तोंडावर आला आहे.